न कापलेल्या कराची मागणी : व्होडाफोन प्रकरणात खरेदीदाराचे उत्तरदायित्व

फेब्रुवारी २००७ मध्ये नेदरलँड्समधील व्होडाफोन इंटरनॅशनल होल्डिंग्ज बी. व्ही. या कंपनीने केमन बेटांवर नोंदलेल्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा एकमेव शेअर सुमारे ११.१ अब्ज अमेरिकी डॉलरना विकत घेण्याचा करार केला. विकणारी हचिसन टेलिकम्युनिकेशन्स इंटरनॅशनल ही कंपनीही केमन बेटांवरच नोंदलेली होती आणि तिचे शेअर हाँगकाँग व न्यूयॉर्क येथील बाजारांत सूचिबद्ध होते. करार भारताबाहेर झाला, किंमत भारताबाहेर चुकती झाली आणि ज्या कंपनीचा शेअर विकला गेला तीही भारतीय नव्हती. तरीही या व्यवहारातून भारतात सुरू झालेला कराचा वाद मुंबई उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, संसद आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय लवाद असा प्रवास करत चौदा वर्षांहून अधिक काळ चालला.

या प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन संसदेने पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागील तारखेपासून, कर लावावा की नाही या प्रश्नाभोवती फिरते. प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्यामुळे दुसरा, माझ्या मते अधिक गंभीर मुद्दा झाकला जातो. ज्याला नफा झाला तो विक्रेता होता, आणि कराची मागणी आली ती मात्र खरेदीदाराकडे. विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने त्यातून कर कापून सरकारजमा करायला हवा होता आणि त्याने तो कापला नाही, हा त्याच्यावरील आरोप होता. कर देण्याचे दायित्व आणि दुसऱ्याच्या वतीने कर कापण्याचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा मागील तारखेपासून बदलला जातो तेव्हा त्यांतील फरक निर्णायक ठरतो. वेगळे सांगितलेले नसेल तेथे या लेखातील कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत.

व्यवहाराची रचना

सीजीपीचा एक शेअर इतका महाग असण्याचे कारण तिच्याखाली असलेल्या कंपन्यांच्या साखळीत होते. सीजीपीच्या मालकीच्या कंपन्या मॉरिशसमध्ये होत्या, त्यांच्या खाली काही भारतीय कंपन्या होत्या, आणि साखळीच्या तळाशी हचिसन एस्सार लिमिटेड ही भारतात मोबाइल सेवा देणारी कंपनी होती. हचिसन समूहाने १९९४ मध्ये मुंबई परिमंडळाच्या परवान्यापासून भारतातील हा व्यवसाय उभा केला होता. सीजीपीकडे हचिसन एस्सारचे सुमारे ४२ टक्के भागभांडवल उपकंपन्यांमार्फत होते; आणखी सुमारे १० टक्के हिस्सा अन्य भारतीय कंपन्यांमधील गुंतवणुकीच्या प्रमाणात तिच्या वाट्याला येत होता; आणि सुमारे १५ टक्के हिस्सा भारतीय भागीदारांकडे होता, जो ठरलेल्या अटींवर विकत घेण्याचे पर्याय समूहाकडे होते. या सर्वांची बेरीज करून ६७ टक्के हा आकडा सांगितला जात होता.

५२ (म्हणजे ४२ अधिक १०) की ६७, हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. दूरसंचार क्षेत्रातील परकी गुंतवणुकीवर त्या वेळी ७४ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून परकी गुंतवणूक प्रोत्साहन मंडळाने व्होडाफोनला नेमका किती हिस्सा मिळणार हे विचारले, आणि मे २००७ मध्ये मंजुरी दिली. त्यानंतर लगेच, ८ मे २००७ रोजी, व्होडाफोनने हचिसनला किंमत चुकती केली. आयकर विभागाने पुढे याच पत्रव्यवहाराचा आधार घेतला. दोन्ही पक्ष भागधारकांना आणि सरकारी मंडळांना भारतीय कंपनीतील नियंत्रक हिस्सा विकल्याचे व घेतल्याचे सांगत होते, मग करासाठी मात्र केमन बेटांवरील एका शेअरकडे बोट कसे दाखवता येईल, असा विभागाचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद पोकळ नव्हता, आणि प्रकरणाचा निकाल काहीही लागला असला तरी त्याची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. ११ अब्ज डॉलर ज्यासाठी मोजले गेले ते मूल्य भारतीय परवान्यांतून, भारतीय रेडिओलहरींच्या वापरातून आणि भारतीय ग्राहकांकडून निर्माण झाले होते. अशा मूल्यवाढीवर ज्या देशात ती घडली त्या देशाने कर मागणे धोरण म्हणून पूर्णपणे समर्थनीय आहे. चीननेही २००९ मध्ये अशा अप्रत्यक्ष हस्तांतरणांवर, म्हणजे परदेशी कंपनीचे शेअर विकून देशातील मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देण्यावर, कर आकारण्याचे नियम केले होते.

मात्र केमन बेटांमुळे भारताचा कर बुडाला, हे सरसकट केले जाणारे विधान नीट तपासून घेणे आवश्यक आहे. हचिसनने सीजीपीचा शेअर न विकता साखळीतील खालच्या पायरीवर, म्हणजे मॉरिशसमधील कंपन्यांकडून भारतीय कंपन्यांचे शेअर विकले असते, तर भारत आणि मॉरिशस यांच्यातील तत्कालीन करारानुसार त्या नफ्यावर भारतात कर लागलाच नसता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात त्या कराराचा लाभ मान्य केला होता, आणि शेअरविक्रीवरील ही सवलत एप्रिल २०१७ पासून संपुष्टात येऊ लागली. करमुक्त बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग हचिसनकडे उपलब्ध होता, त्यामुळे केवळ कर टाळण्यासाठीच केमनचा मार्ग निवडला गेला असे म्हणणे टिकणारे नव्हते.

विभागाची कारवाई

सप्टेंबर २००७ मध्ये आयकर विभागाने व्होडाफोनला कारणे दाखवा नोटीस बजावली. कलम १९५ नुसार अनिवासी व्यक्तीला भारतात करपात्र असलेली रक्कम देणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती देताना कर कापला पाहिजे. तसे न केल्यास कलम २०१ नुसार ती व्यक्ती कसूरदार करदाता मानली जाते आणि न कापलेला कर व्याजासह तिच्याकडून वसूल होतो. म्हणजे विक्रेत्याचा कर खरेदीदाराच्या खिशातून जातो. कलम २७१ग नुसार न कापलेल्या कराइतका दंडही लागू शकतो.

विभाग हचिसनकडे का गेला नाही, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती. कर कापला गेला नसेल तर तो थेट उत्पन्न मिळवणाऱ्याकडून वसूल करता येतो, असे कलम १९१ सांगते. परंतु हचिसन भारतातून बाहेर पडली होती आणि व्होडाफोनचा व्यवसाय भारतात होता, मालमत्ता भारतात होती आणि पुढची कित्येक वर्षे ती येथेच राहणार होती. वसुलीच्या सोयीचा विचार करता विभागाची निवड समजण्यासारखी आहे. पण सोयीच्या या निवडीने एका बाजूचा प्रश्न दुसऱ्याच बाजूवर टाकला आणि त्याची सर्वांत मोठी किंमत पुढे न्यायाच्या तत्त्वाला द्यावी लागली.

व्होडाफोनने नोटिशीलाच आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये याचिका फेटाळली, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राचा मुद्दा प्रथम विभागानेच ठरवावा असे सांगून प्रकरण परत पाठवले. विभागाने ३१ मे २०१० रोजी अधिकारक्षेत्र आपल्याकडे असल्याचा आदेश दिला. त्यावरील याचिका ८ सप्टेंबर २०१० रोजी उच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळली, मात्र या वेळचा निर्णय अधिक बारकाईचा होता. सीजीपीच्या एका शेअरबरोबर नियंत्रणाचे अधिकार, भागीदारांकडील शेअर घेण्याचे पर्याय, कर्जे, ब्रँडच्या वापराचे हक्क, स्पर्धा न करण्याची हमी असे अनेक हक्क खरेदीदाराकडे गेले, त्यांपैकी काहींचा भारताशी पुरेसा संबंध आहे, आणि म्हणून किमतीचा तेवढा भाग वेगळा काढून त्यावर कर ठरवावा, असे न्यायालयाने म्हटले. ऑक्टोबर २०१० मध्ये विभागाने सुमारे ११ हजार २१८ कोटी रुपयांची मागणी काढली. सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत अडीच हजार कोटी रुपये भरण्याचा आणि साडेआठ हजार कोटींची बँक हमी देण्याचा आदेश दिला.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

२० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया, न्या. स्वतंत्र कुमार आणि न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या खंडपीठाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला. न्या. राधाकृष्णन यांनी स्वतंत्र परंतु सहमतीचे निकालपत्र लिहिले.

निकालाचा पाया कलम ९(१)(i) च्या शब्दांत आहे. भारतात स्थित असलेल्या भांडवली मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेले उत्पन्न भारतात झाले असे मानले जाईल, असे हे कलम त्या वेळी सांगत होते. कलमाच्या सुरुवातीला 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत आणि विभागाचा भर त्यांच्यावर होता. न्यायालयाने म्हटले की हे शब्द उत्पन्नाला लागू आहेत, मालमत्तेच्या हस्तांतरणाला नाहीत. भारतात असलेली मालमत्ता हस्तांतरित झाली पाहिजे, ही अट कलमातच आहे. परदेशी कंपनीचा शेअर विकला गेल्याने तिच्या उपकंपनीची भारतातील मालमत्ता आपोआप विकली गेली असे मानायचे असेल, तर तसे कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर लावण्याची तरतूद २०१० च्या प्रत्यक्ष कर संहिता विधेयकात प्रस्तावित होती याची न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली. जी तरतूद नव्या विधेयकात घालावी लागते ती जुन्या कायद्यात आधीपासूनच होती असे म्हणणे कठीण जाते.

करटाळणीच्या मुद्द्यावर न्यायालयाने संपूर्ण व्यवहार एकसंध पाहण्याची कसोटी वापरली. गुंतवणुकीची रचना किती काळ अस्तित्वात होती, भारतात प्रत्यक्ष व्यवसाय किती वर्षे चालला, त्यातून भारतात कर मिळाला का, बाहेर पडण्याची वेळ कोणती होती आणि बाहेर पडल्यानंतर व्यवसाय चालू राहिला का, हे प्रश्न विचारले पाहिजेत. या कसोट्यांवर हचिसनची रचना एखाद्या व्यवहारापुरता उभा केलेला देखावा ठरत नव्हती. न्यायालयाच्या दृष्टीने नियंत्रक हिस्सा ही शेअरपासून वेगळी मालमत्ता नव्हती. शेअरच्या मालकीतूनच नियंत्रण येते, त्यामुळे उच्च न्यायालयाने केलेली किमतीची विभागणीही टिकली नाही.

न्या. राधाकृष्णन यांच्या निकालपत्रातील कलम १९५ विषयीचा भाग मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. भारताबाहेरील दोन अनिवासींमध्ये भारताबाहेर झालेल्या पैशांच्या देवघेवीला, देणाऱ्याची भारतात करविषयक उपस्थिती नसताना, कर कापण्याचे कर्तव्य लागू होत नाही, असे त्यांनी म्हटले. यामागे भौगोलिक मर्यादेचा विचार आहे, पण त्याहून खोल असा एक विचारही आहे. कर कापणारा हा सरकारच्या वतीने, विनामोबदला, वसुलीचे काम करतो, म्हणून त्याचे कर्तव्य काय आहे हे त्याला पैसे देण्याच्या क्षणी कळण्याजोगे असले पाहिजे. सप्टेंबर २०१० मध्ये जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच वेगळ्या संदर्भात सांगितले होते की, अनिवासीला दिलेली प्रत्येक रक्कम नव्हे तर भारतात करपात्र असलेली रक्कमच कर कापण्यास पात्र असते.

न्यायालयाने, व्होडाफोनने भरलेले अडीच हजार कोटी रुपये वार्षिक ४ टक्के व्याजासह परत करण्याचा आणि बँक हमी सोडवून देण्याचा आदेश दिला. सरकारची पुनर्विलोकन याचिका मार्च २०१२ मध्ये फेटाळली गेली.

मागील तारखेचे कर्तव्य

पुनर्विलोकन याचिकेचा निकाल लागण्यापूर्वीच, १६ मार्च २०१२ रोजी, तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी मांडलेल्या वित्त विधेयकात कलम ९ ला नवी स्पष्टीकरणे जोडण्याचा प्रस्ताव आला. परदेशी कंपनीच्या शेअरचे मूल्य मुख्यतः भारतातील मालमत्तेतून येत असेल तर तो शेअर भारतात स्थित आहे असे मानले जाईल, असे स्पष्टीकरण ५ म्हणते. 'हस्तांतरण' आणि 'मालमत्ता' या संज्ञांचेही असेच विस्तारित अर्थ दिले गेले. कायदा लागू झाला त्या दिवसापासून, म्हणजे १ एप्रिल १९६२ पासून, हे अर्थ तसेच होते असे घोषित करण्यात आले. २८ मे २०१२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर हे कायद्यात रूपांतरित झाले. न्यायालयांचे निकाल काहीही असले तरी पूर्वीच्या मागण्या वैध राहतील, असे वित्त कायद्याच्या कलम ११९ ने जाहीर केले.

संसदेला पूर्वलक्षी प्रभावाने कर लावण्याचा अधिकार आहे, याबद्दल भारतीय घटनात्मक कायद्यात शंका नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) मधील मनाई फौजदारी गुन्ह्यांपुरती आहे. निकालामुळे उघडी पडलेली कायद्यातील त्रुटी पूर्वलक्षी तरतुदीने भरून काढणे हेही नवे नव्हते, आणि न्यायालयांनी अशा तरतुदी अनेकदा मान्य केल्या आहेत. म्हणून केवळ 'पूर्वलक्षी कर वाईट' एवढे म्हणून विषय संपत नाही. हचिसनला २००७ मध्ये झालेल्या नफ्यावर २०१२ च्या कायद्याने कर लावला, तर तो कठोर आहे, अनपेक्षित आहे, कदाचित अन्यायकारकही आहे. पण तो तर्कदृष्ट्या शक्य आहे, कारण नफा हचिसनच्या हाती आलेला आहे आणि त्यातून तिला कर भरता येतो.

कर कापण्याच्या कर्तव्याला हा तर्क लागू होत नाही. त्याच वित्त कायद्याने कलम १९५ ला दुसरे स्पष्टीकरण जोडले. त्यानुसार, अनिवासी व्यक्तीचे भारतात निवासस्थान, व्यवसायाची जागा, व्यवसायिक संबंध किंवा अन्य कोणतीही उपस्थिती असो वा नसो, कर कापण्याचे कर्तव्य तिलाही लागू आहे आणि १ एप्रिल १९६२ पासून ते लागू असल्याचे मानले जाईल. मे २००७ मध्ये व्होडाफोनने संपूर्ण रक्कम हचिसनला दिली, आणि मे २०१२ मध्ये कायद्याने तिला सांगितले की त्या दिवशी तू त्यातील काही रक्कम मागे ठेवायला हवी होतीस. ती रक्कम आता तिच्या हातात नाही, हचिसनकडून ती परत मागण्याचा हक्क कायदा तिला देत नाही, आणि काळ मागे नेऊन कर्तव्य पार पाडण्याचा मार्ग कोणाकडेच नाही. कर लावणे म्हणजे पैसे देण्याचे दायित्व निर्माण करणे. ते पुढे केव्हाही पूर्ण करता येते. कापणी ही मात्र एका विशिष्ट क्षणी करायची कृती आहे, आणि तो क्षण गेल्यावर ती कृती करण्याची आज्ञा निरर्थक ठरते. अशक्य ते करण्यास कायदा कोणालाही भाग पाडत नाही, हे रोमन काळापासून मान्य असलेले तत्त्व येथे शब्दशः लागू होते.

विभागाच्या बाजूने एक उत्तर दिले जाते, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. कलम १९५(२) नुसार देणाऱ्याला शंका असेल तर तो करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून किती भागावर कर कापायचा हे ठरवून घेऊ शकतो. मार्च २००७ मध्येच विभागाने हचिसन एस्सारकडे या व्यवहाराची माहिती मागितली होती, तेव्हा व्होडाफोन सावध व्हायला हवी होती आणि तिने तो मार्ग वापरायला हवा होता, असे म्हणता येते. व्यवहारातील शहाणपण म्हणून हे योग्य आहे. आजच्या कोणत्याही खरेदीदाराला मी हाच सल्ला देईन. परंतु सावधगिरीचा अभाव आणि कर्तव्याचा भंग यांत अंतर असते. सर्वोच्च न्यायालयाच्या मते २००७ मध्ये असा कर देय नव्हता. जो कर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कायद्यात सापडला नाही, तो खरेदीदाराने पाच वर्षे आधी ओळखून कापायला हवा होता, या अपेक्षेला कोणताही आधार उरत नाही.

ही अडचण सरकारच्याच समितीने दाखवून दिली होती. २०१२ मध्ये पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अप्रत्यक्ष हस्तांतरणावरील कर पुढील काळासाठीच लागू करावा, अशी शिफारस केली. तरीही पूर्वलक्षी प्रभाव ठेवायचाच असेल तर तो ज्याला नफा झाला त्याच्यापुरता ठेवावा, कर न कापल्याबद्दल कोणालाही कलम २०१ नुसार कसूरदार मानू नये, आणि व्याज व दंड आकारू नये, असे समितीने सांगितले. कारण अन्यथा अशक्य गोष्ट करण्याचे ओझे देणाऱ्यावर पडते. ही शिफारस स्वीकारली गेली असती तर सरकारला आपले धोरण पूर्णपणे सोडावे लागले नसते आणि व्होडाफोनविरुद्धची मागणी मात्र संपली असती. ती स्वीकारली गेली नाही. २०१४ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली यांनी सरकार सामान्यतः पूर्वलक्षी बदल करून नवी दायित्वे निर्माण करणार नाही असे सांगितले, परंतु चालू प्रकरणे तशीच राहिली.

हेग आणि माघार

व्होडाफोनने पुढे भारत आणि नेदरलँड्स यांच्यातील १९९५ च्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन २०१४ मध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केली. २५ सप्टेंबर २०२० रोजी तीन सदस्यांच्या लवादाने, ज्यात भारताने नेमलेला सदस्यही होता, एकमताने भारताविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असतानाही ही मागणी लादणे हा न्याय्य व समान वागणुकीच्या हमीचा भंग आहे, असे लवादाने म्हटले. भर 'निकाल असतानाही' यावर होता. कराचा दर किंवा अप्रत्यक्ष हस्तांतरणावर कर लावण्याचे धोरण यांत लवादाने दोष काढला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, याच पूर्वलक्षी तरतुदीतून उद्भवलेल्या केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीच्या प्रकरणातही भारताविरुद्ध सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा आला, आणि जुलै २०२१ मध्ये केर्नने पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर जप्तीचे आदेश मिळवले.

देशांतर्गत कायद्यातही दरम्यान महत्त्वाची घटना घडली होती. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेल्या रकमांच्या संदर्भात निर्णय दिला. तेथेही २०१२ मध्ये स्वामित्वशुल्काची (रॉयल्टीची) व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने विस्तारली गेली होती. पैसे देताना जी विस्तारित व्याख्या कायद्यात नव्हती, तिच्या आधारे कर कापण्याची अपेक्षा करणे म्हणजे अशक्य गोष्टीची अपेक्षा करणे होय, असे न्या. आर. एफ. नरिमन यांनी लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले आहे. व्होडाफोनचे नाव घेऊन हा निर्णय आलेला नाही, विषयही वेगळा आहे. पण तर्क तोच आहे, आणि तो आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेला कायदा आहे.

५ ऑगस्ट २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कराधान कायदे (सुधारणा) विधेयक मांडले आणि १३ ऑगस्टला त्याला संमती मिळाली. २८ मे २०१२ पूर्वी झालेल्या अप्रत्यक्ष हस्तांतरणांना स्पष्टीकरण ५ लागू होणार नाही, असे या कायद्याने सांगितले. त्यात करनिर्धारणाच्या आदेशांबरोबर कसूरदार मानण्याचे आणि दंडाचे आदेशही समाविष्ट केले गेले. अट अशी होती की संबंधित कंपनीने सर्व दावे, अपिले आणि लवाद मागे घ्यावेत व पुढे दावा न करण्याची हमी द्यावी. वसूल झालेली रक्कम परत मिळेल, पण व्याजाविना. सरकारने दिलेल्या माहितीनुसार एकूण १७ प्रकरणांत सुमारे ८,१०० कोटी रुपये वसूल झाले होते आणि त्यांतील बहुतांश केर्नच्या प्रकरणातील होते.

व्याज नाकारण्याची ही अट मला पटत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनची रक्कम परत करताना ४ टक्के व्याज दिले, कारण दुसऱ्याचा पैसा वापरल्याची भरपाई झाली पाहिजे. आणि करदात्याकडून उशिरा आलेल्या करावर कायदा स्वतः दरमहा व्याज आकारतो. ज्यांची रक्कम सरकारने वर्षानुवर्षे वापरली त्यांना ती मूळ आकड्यानेच परत करणे ही अपुरी भरपाई होती, आणि लवादाचा निवाडा हातात असलेल्या कंपन्यांनीही ती पत्करली यावरून त्या किती थकल्या होत्या एवढेच दिसते.

आज अशा व्यवहाराची स्थिती बरीच स्पष्ट आहे. 'मुख्यतः' या शब्दाची व्याख्या २०१५ मध्ये केली गेली. भारतातील मालमत्तेचे मूल्य १० कोटी रुपयांपेक्षा जास्त आणि परदेशी कंपनीच्या एकूण मालमत्तेच्या किमान निम्मे असेल तरच कर लागतो, आणि व्यवस्थापनात अधिकार नसलेल्या, ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा असलेल्या छोट्या भागधारकांना सूट आहे. करटाळणीविरोधी सामान्य नियम एप्रिल २०१७ पासून लागू आहेत. खरेदीदार आता किमतीचा काही भाग राखून ठेवतो, विक्रेत्याकडून कराची हमी लिहून घेतो किंवा आधीच अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेतो, आणि या सर्व गोष्टी शक्य होतात कारण पैसे देण्यापूर्वी नियम त्याच्यासमोर लिहिलेला असतो.

एक उणीव मात्र राहिली. २०२१ च्या कायद्याने कलम ९ चे स्पष्टीकरण ५ आणि २०१२ च्या वित्त कायद्याचे कलम ११९ यांत दुरुस्ती केली. कलम १९५ ला जोडलेल्या दुसऱ्या स्पष्टीकरणाला तिने हात लावला नाही. अप्रत्यक्ष हस्तांतरणाच्या जुन्या मागण्या संपल्या, पण अनिवासी देणाऱ्यावर कर कापण्याचे कर्तव्य १ एप्रिल १९६२ पासून होते, हे विधान त्या कायद्यात तसेच राहिले. अन्य प्रकारच्या उत्पन्नाच्या एखाद्या जुन्या प्रकरणात विभागाने त्याचा आधार घेतलाच, तर त्या अनिवासीला उत्तरासाठी इंजिनिअरिंग ॲनालिसिसमधील तर्कावर विसंबावे लागेल, कारण संसदेने त्याच्यासाठी तसे काही लिहून ठेवलेले नाही.